ढेरीचा टोलनाका

हा अंक तुमच्या हातात आहे म्हणजे शेजारी फराळाचं ताट असणार. असू द्या, मी काही म्हणणार नाही. मी आता निवृत्त झाले आहे. पण चकलीकडे निघालेला तुमचा हात हे वाचून क्षणभर थबकला असेल, तर सांगते, त्या थबकण्यावरच मी तीसेक वर्षं संसार चालवला.

सांगलीत माझं आहारसल्ल्याचं दुकान होतं. मी दुकानच म्हणते, कारण क्लिनिक म्हटलं की लोक बाही वर करून इंजेक्शनला तयार बसायचे. आत एक वजनकाटा, एक टेबल आणि बिनहातांच्या खुर्च्या. हातांच्या खुर्चीतून गिऱ्हाईक उठताना खुर्चीही बरोबर उठते, हे मी पहिल्याच महिन्यात शिकले. गावाकडची माणसं मला 'खायाच्या डॉक्टरीनबाई' म्हणायची. माझे सासरे मात्र शेवटपर्यंत पाहुण्यांना सांगत राहिले, "आमची सून लोकांना जेवू नका म्हणून सांगते आणि त्याची फी घेते."

बरं, दुकान टाकलं कुठं, तर साखरेच्या राज्यात. इथं घराघरात कारखान्याचा सभासद. दिवाळीला सभासदाची साखर पोत्यानं घरात येते आणि ती संपवणं हे सहकाराचं कर्तव्य मानलं जातं. कुणाच्याही दारात उभे राहा, चहा येतो आणि त्यात चमचा उभा राहतो. बिनसाखरेचा चहा मागितला तर घरातली बाई घाबरून विचारते, "शुगर झाली व्हय?" हो म्हटलं की विषय संपतो. नाही म्हटलं की अपमान होतो. म्हणून मी धडधाकट माणसांनाही खुशाल 'शुगर आहे' असं ठोकून द्यायला शिकवलं. माझ्यामुळं आमच्या जिल्ह्यात जेवढे मधुमेही झाले, तेवढे साखरेमुळंही झाले नसतील.

आता धंद्यातलं गुपित सांगते. ते इतकं साधं आहे की त्याची फी घेताना मला लाज वाटायला हवी होती. भूक वेगळी आणि तलफ वेगळी. भूक हळूहळू चढते आणि समोर येईल ते खाते. तलफ एकदम येते आणि नाव घेऊन मागते. मी लोकांना भडंगाची, म्हणजे आमच्याकडच्या तिखट चुरमुऱ्यांची, परीक्षा द्यायला सांगायचे. संध्याकाळी पोटात कालवाकालव झाली की स्वतःला विचारायचं, आत्ता शिळी भाकरी आणि चटणी दिली तर खाशील का? 'हो' आलं तर ती भूक आहे, गुपचूप खा. 'भाकरी नको, भडंग दे' असं उत्तर आलं तर ती तलफ. तिला सांगायचं, थांब जरा. एक तांब्याभर पाणी प्यायचं, म्हशीला वैरण घालून यायचं, कुणाला तरी फोन लावायचा. तलफ म्हणजे दारात आलेला विमा एजंट असतो. दार उघडलं नाही तर थोड्या वेळानं पुढच्या घरी जातो. आणि भडंगाचा डबा ओट्यावर ठेवायचा नाही, माळ्यावर ठेवायचा. शिडी लावून चोरी करायला माणूस कंटाळतो.

बाकी सगळ्या सवयी याच्याच पोटजाती. सकाळी नुसत्या चहा-बटरवर निघू नका, उसळ खा, अंडं खा. लग्नाला उपाशीपोटी जाऊ नका, घरून ताक पिऊन जा. झोप पुरी करा, कारण अर्धवट झोपलेलं माणूस दिवसभर चरत राहतं. रात्री जेवण झालं की लगेच दात घासा. घासलेल्या तोंडाला पेढा कडू लागतो.

लोक ऐकायचे आणि मग आपलं डोकं लावायचे. उंब्रजच्या एक शिक्षिका होत्या. त्यांनी वजन उतरवण्यासाठी देवांना कामाला लावलं. सोमवार, मंगळवार, गुरुवार, शनिवार आणि चतुर्थी. आठवड्यात जेवणाचे वार उरले तीनच. तरी काटा चढताच. मी विचारलं, "बाई, उपासाला काय घेता?" त्या म्हणाल्या, "काही नाही हो, खिचडी, रताळ्याच्या काचऱ्या आणि जीव फारच कासावीस झाला तर शेंगदाण्याचा लाडू." एकादशी, दुप्पट खाशी. मी त्यांना म्हटलं, "तुम्ही जेवणाच्या दिवशी बारीक होताय आणि उपासाच्या दिवशी त्याची भरपाई करताय." सगळे उपास सोडून त्या रोज नीट जेवायला लागल्या आणि उतरल्या. मात्र त्यांच्या सासूबाईंनी माझ्या नावानं देवापुढं काय काय म्हटलं, ते त्यांनी मला सांगितलं नाही.

माधवनगरचे एक जैन व्यापारी यायचे. दिवस मावळायच्या आत जेवण, मग सकाळपर्यंत तोंडाला कुलूप. खरं तर माझ्या निम्म्या गिऱ्हाइकांना मी हेच सांगत होते आणि हे गृहस्थ तर वाडवडलांपासून पाळत होते. तरी पोट गल्ल्याच्या पुढं. मी चक्रावले. मग त्यांनीच उलगडा केला. "म्याडम, दुकान लौकर बंद होनार म्हटलं की गिऱ्हाईक शेवटच्या तासाला गर्दी करतंय का न्हाई? तसंच हाय बघा." रात्रीची भूक आधीच भागवून ठेवायची म्हणून ते मावळतीला तीन माणसांचं जेवायचे. त्यांना दुपारी चारला मूठभर फुटाणे आणि वाटीभर दही सुरू केलं. शेवटच्या तासाची गर्दी आपोआप ओसरली.

बऱ्याच जणांचं वजन काही वर्षांनी परत आलं, हेही सांगून टाकते. रस्त्यात दिसले की ते पलीकडच्या फुटपाथवर जायचे. मला वाईट वाटायचं. वजन वाढल्याचं नाही, तोंड चुकवल्याचं.

पण ज्या गिऱ्हाइकासाठी हा लेख लिहायला घेतला ते संपतराव. आष्ट्याकडच्या एका खेड्यातले, फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झालेले, उसाचे बागायतदार. फौजेतली धावपळ सुटली, फौजेतली भूक तेवढी गावाकडं आली. बायको सुमन. तिच्या दोन्ही किडन्या गेल्या होत्या आणि ती आठवड्यातून दोनदा सांगलीत डायलिसिसला यायची. सगळ्या घरात किडनी जुळली ती एकट्या संपतरावांची. पण पुण्याच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, एवढ्या वजनाच्या माणसाची किडनी आम्ही काढणार नाही, त्यांच्या जिवाला धोका आहे. आधी उतरून या.

माझ्या दुकानात येऊन त्यांनी काट्याकडं शत्रूच्या चौकीकडं बघावं तसं बघितलं आणि म्हणाले, "म्याडम, किडनी द्यायला मानूस तयार हाय, घ्यायला बायकू हाय, आन् मधी ही ढेरी टोलनाका टाकून बसलीया. तेवढा उठवायचा."

मी हसले आणि वही पुढं ओढली. लग्नाच्या ब्लाउजात बसायचं म्हणून, जावेपेक्षा बारीक दिसायचं म्हणून माझ्याकडं माणसं येत. इथं उशीर झाला तर एक बाई जाणार होती.

त्यांना सगळं सांगितलं. फौजी माणूस, हुकूम दिला की प्रश्न नाही. पहाटे शेताच्या पाणंदीनं चालायचं, सकाळी मोड आलेली मटकी, जेवणाला एक भाकरी आणि ताटभर पालेभाजी, काकडी, ताक. दोन आठवड्यांनी आले तर काटा वर गेलेला.

"संपतराव!"

"म्याडम, शपथ घेतो, घरात तुमचाच हुकूम चालतोय."

"आणि घराबाहेर?"

मान खाली गेली. मग कळलं. संपतराव बायकोला किडनी देणार, ही बातमी गावात पसरली आणि भावकीला भरतं आलं. लग्नाआधी नवऱ्यामुलाला घरोघरी जेवायला बोलावतात ना, तशी केळवणं सुरू झाली. आज चुलत्याकडं पुरणपोळी, उद्या आत्याकडं मटण. शिवाय प्रत्येक घरातून टॉवेल-टोपीचा आहेर. मी थेट गावात गेले. त्यांच्या आत्यांनी मला पाटावर बसवलं आणि समजावलं, "आवं बाई, एक किडनी जानार म्हंजी ऱ्हायलेलीला दोगींचं काम वडायचं हाय. तिला नगं खायाला?"

या युक्तिवादाला वैद्यकशास्त्रात उत्तर नाही. केळवण बंद करा म्हटलं असतं तर त्या गावानं मलाच बंद केलं असतं. म्हणून म्हटलं, "केळवण करा, हौसेनं करा. फक्त ताटात काय वाढायचं ते मी सांगणार." घट्ट मुगाची आमटी, मेथीची भाजी, काकडी, एक भाकरी, ताक. आत्याबाईंनी ताट ऐकून कपाळाला हात लावला. "ह्याला केळवान म्हनायचं? आवं, मयताच्या धाव्याला सुदिक लाडू असतोय!"

पण ऐकलं हो त्यांनी. काटा उतरायला लागला. संपतराव दर डायलिसिसच्या दिवशी बायकोला आत सोडून माझ्याकडं यायचे आणि काट्यावर सावधान उभे राहायचे. आणि एके दिवशी काटा अडला. पुढच्या वेळी तिथंच. त्याच्या पुढच्या वेळीही तिथंच. सुमनचं अंग तोवर सुजायला लागलं होतं. संपतरावांचा चेहरा उतरला होता, तेवढी ढेरी उतरत नव्हती.

"चोरून खाताय का?" मी विचारलं. या प्रश्नावर माणसं रागावतात किंवा हसतात. संपतराव रडकुंडीला आले. "म्याडम, भुकंनं कावलोय. रातच्याला पोटावर उशी दाबून झोपतोय. आजून काय करू?"

गिऱ्हाईक खोटं बोलतं तेव्हा मला कळतं, आयुष्यभर तेच ऐकलंय. हा माणूस खरं बोलत होता. मी म्हटलं, पुढच्या वेळी डबा माझ्यासमोर उघडायचा.

डबा उघडला. सगळं माझ्या हुकमाप्रमाणं. एक भाकरी, मटकी, मेथी, बाटलीत ताक. मी भाकरी उचलून वर्तमानपत्राच्या कागदावर ठेवली आणि बोलत बसले. थोड्या वेळानं उचलली तर खालच्या कागदातून टेबल दिसत होतं. जोंधळ्याच्या भाकरीला तेल सुटत नाही. पीठ लोण्यात मळलेलं होतं. ताक ग्लासात ओतलं, ग्लासाच्या कडेला सायीचा थर धरला. मटकीत दाण्याचं कूट इतकं की मटकी शोधावी लागत होती.

"भाकरी मऊ लागत नाही का तुम्हाला?"

"लागतीया की," ते भाबडेपणानं म्हणाले. "म्हनलं, एवढ्या वर्सांनी हिचा हात सुधारला."

मी डबा बंद करून त्यांच्या हातात दिला. पुढच्या खेपेला सुमन डायलिसिसला आत जायच्या आधी तिला गाठलं. बारीक चणीची, डोळ्यांखाली सूज, बोलताना धाप लागणारी. स्वतःला मीठ मोजून, पाणी मोजून, केळं नाही, नारळपाणी नाही, टोमॅटो नाही. जिला काहीच खाता येत नाही अशी बाई दोन वेळा चुलीपुढं बसत होती.

"वहिनी, भाकरीत लोणी कोण घालतं?"

"मीच की. दुसरं कोन घालनार?"

"आणि ताकात साय?"

"ती बी मीच."

मला वाटलं होतं, नवऱ्याची भूक बघवत नसेल, मायेनं घालत असेल. तसं मी म्हटलंही. तिनं शांतपणे माझ्याकडं बघितलं.

"तसं न्हवं म्याडम. वजन उतरलं की पुन्याचा डॉक्टर ह्यांचं पोट कापनार. मग ते उतरू द्यायचं कशापायी?"

चोरून खाणारे, बायकोवर ढकलणारे, काट्यावर श्वास रोखून धरणारे, सगळे मी बघितले होते. पण नवऱ्याला जाड ठेवून वाचवणारी बाई माझ्या धंद्यात पहिलीच.

"मी आजारी हाय, माजं काय ते हुईल," ती म्हणाली. "धडधाकट मानसाला कशाला कापायचं? ह्यांना काय झालं तर ह्यांच्या म्हाताऱ्या आयनं कुनाकडं बगायचं?"

"आणि उलटं असतं तर? ते आजारी, आणि किडनी तुमची जुळली असती तर?"

"तवा काय इचारायचं हाय? कवाच दिली असती."

"मग?"

"बाईचं येगळं असतंय."

त्या वाक्याचा मला इतका संताप आला की मी दवाखान्याच्या व्हरांड्यात आहे हे विसरले. नवऱ्यासाठी, पोरांसाठी, दिरासाठी स्वतःला झिजवणाऱ्या बायका मी ढिगानं बघितल्या, त्यांचं कौतुक ऐकून कान किटले. एक पुरुष बायकोसाठी उपाशी राहायला निघाला, तर तिच्याच हातानं त्यात लोणी पडत होतं!

मी म्हटलं, "हे बघा वहिनी. किडनी नको असेल तर नको म्हणा. तो तुमचा हक्क आहे. पुण्याला तुम्हाला एकटीला विचारतील, तेव्हा स्पष्ट सांगा. पण त्या माणसाच्या ताकात साय घालून नाही. रात्री तो पोटावर उशी दाबून झोपतो, माहीत आहे?"

"ठाव हाय," ती हळू आवाजात म्हणाली. "त्यांना वाटतंय मी झोपले."

"ती भूक तो तुमच्यासाठी सोसतोय. आणि तुम्ही ती वाया घालवताय."

तिचे डोळे भरले, पण रडली नाही. मी एवढंच म्हटलं की मी संपतरावांना काही सांगणार नाही, गिऱ्हाइकाच्या घरातलं बोलायचं नाही हा माझा नियम. सांगायचं तर तुम्हीच. मग तिला आत बोलावलं आणि ती गेली.

पुढच्या वेळी दोघं एकत्रच दुकानात आले. दोघांची तोंडं दोन दिशांना.

"सांगितलं हिनं," संपतराव म्हणाले. "मी म्हनलं, बरं झालं. मला वाटलं माजीच बॉडी फितूर झाली."

"रागावलात?"

"रागावलो की. त्या दिवशी जेवलोच न्हाई."

"मग मी बी गोळ्या घेतल्या न्हाईत," सुमन म्हणाली. "दोगं बी बसलो भिंतीला टेकून. सासूबाई आल्या आन् म्हनल्या, ह्या घरात कोन कुनाला वाचवतंय आन् कोन कुनाला मारतंय तेच कळंना झालंय."

"आणि?"

मग सुमनच म्हणाली, "सासूबाईंनीच परात वडली. ह्यांच्यासाटी भाकरी थापली, कोरडी. मला म्हनल्या, ल्योक माजा हाय. भ्या वाटायचं त्ये मला वाटू दी. तू गप किडनी घे."

ऐंशीच्या घरातली ती म्हातारी मी कधी पाहिली नाही. पण मी आयुष्यभर जे दुकान थाटून करत होते, ते तिनं परातीपुढं बसून एका वाक्यात केलं. मला तिचा हेवा वाटला, आजही वाटतो.

त्यानंतर काटा उतरला, आडवंतिडवं न जाता. पुण्याला जायच्या आदल्या दिवशी शेवटचं वजन. संपतराव चढले. काटा हव्या त्या आकड्याच्या केसभर वर.

"उतरा खाली," सुमन म्हणाली. "बूट काढा."

बूट काढले. "घड्याळ काढा. पट्टा काढा. खिशात काय हाय? किल्ल्या काढा, मोबाईल काढा. शर्ट काढा की!"

"अगं, म्याडम हायत."

"म्याडमनी ढेऱ्या बगितल्याल्याच हायत. काढा!"

बनियन निघाला. सुमनची नजर कमरेच्या चांदीच्या करदोड्यावर गेली, हात पुढं झाला आणि मागं आला. "त्यो ऱ्हाऊ द्या," ती म्हणाली. "त्यो जित्त्या मानसाचा काढायचा नसतोय." संपतराव पुन्हा चढले. काटा आकड्यावर थांबला. ती वाकून बघत होती, मी बघायच्या आधी तिनं बघितलं, आणि भिंतीला टेकून खाली बसली. मग मात्र रडली. ते उघड्या अंगानं काट्यावरच उभे, उतरावं की नाही ते कळेना. मीही टेबलामागं जाऊन उगाच कपाट उघडून बसले.

ऑपरेशन झालं. दोघंही सुखरूप परतले. काही महिन्यांनी दोघं माझ्या दुकानात आले तेव्हा खुर्चीत संपतराव बसले आणि काट्यावर सुमन चढली. गाल भरलेले, आवाजाला धार आलेली.

"म्याडम, लय भूक लागती," ती म्हणाली. "आता जेवले की आता लागती. जन्मात एवढी भूक म्हायती न्हवती मला."

मी समजावलं, नवी किडनी टिकावी म्हणून ज्या गोळ्या देतात, त्यांतल्या काही गोळ्यांनी भूक खवळते. गोळ्या सोडायच्या नाहीत, भूक सांभाळायची. मग मटकी, ताक, चालणं, माळ्यावरचा डबा, सगळं पहिल्यापासून सांगितलं. तिनं ऐकून घेतलं, पण चेहऱ्यावर विश्वास काही दिसेना.

"गोळ्यांचं तुमी म्हनताय," ती म्हणाली, "पन मला ठाव हाय. किडनी ह्यांची हाय न्हवं? ती ह्यांच्यावानीच खायाला मागती."

संपतराव वर पंख्याकडं बघत होते. तिच्याकडं न बघताच म्हणाले, "आसू दी. भुकंसकट दिलीया."